मे महिना, मचूळ बाव आणि कामाला माणूस नाही

देवबागची सून

इथे या मंचावर सहा वर्षं नुसती वाचते आहे, लिहिते आज पहिल्यांदाच. लांबलं तर सांभाळून घ्या.

देवबाग न पाहिलेल्यांसाठी: मालवणच्या दक्षिणेला तारकर्लीपासून पुढे वाळूची जी चिंचोळी पट्टी जाते, ते आमचं गाव. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी, टोकाला दोघांचा संगम. पुढल्या दारी लाटांचा आवाज आणि मागल्या दारी खाडीचा चिखल अशी कित्येक घरं आहेत. अशा जागी गोडं पाणी लागावं हेच नवल, पण लागतं. आमच्या परसातली बाव (म्हणजे विहीर) सासऱ्यांच्या वडिलांनी खणलेली, चिऱ्यांनी बांधलेली, जेमतेम पंधरा फूट. तिच्यावर आमचं घर, माडाची बाग आणि शेजारची दोन बिऱ्हाडं सुखाने जगली.

२०११ मध्ये आम्ही न्याहारी-निवास सुरू केलं. तेव्हा दोन खोल्या होत्या, आता चार आहेत. पूर्वी रहाट होता, आता दीड अश्वशक्तीचा पंप आहे.

यंदा एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात एक दिवस तूरडाळ शिजेना. पाच शिट्ट्या झाल्या तरी दाणा अख्खाच. मी आधी कुकरला दोष दिला, मग वाण्याला. दुसऱ्या दिवशी अंगाला साबण लावला तर फेस येईना, नुसता बुळबुळीतपणा. सासूबाईंनी बावीचं पाणी चुळीत घेतलं, बाहेर टाकलं आणि म्हणाल्या, "पाणी मचूळ झाला गो." मे उजाडेपर्यंत ते चक्क खारट लागायला लागलं.

मग टँकर. चारही खोल्या भरलेल्या असल्या की एक टँकर दोन दिवस पुरतो. तो वेळेवर आला नाही तर काय होतं ते लिहीत नाही, इथे धंदा करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

आता मूळ मुद्दा. आमच्याकडे झारखंडच्या दोन बहिणी दोन हंगाम कामाला होत्या. खोल्या, कपडे, भांडी, स्वयंपाकात मदत. चोख काम, माणसंही गुणी. १२ मे रोजी, खोल्या भरलेल्या असताना, दोघी निघून गेल्या. मला वाटलं, जवळच्या कुठल्या रिसॉर्टने जास्त पगार दाखवला असणार. मी दोन हजार वाढवून देते म्हटलं. थोरली मान खाली घालून म्हणाली, "दीदी, पैसे की बात नहीं है. नहाने का पानी."

मग मी विचार केला. टँकरचं पाणी वरच्या टाकीत चढवायचं, ते पाहुण्यांच्या नळाला. त्या दोघींना अंघोळीला बावीचंच खारट पाणी. अंगाला खाज सुटलेली, केसांच्या जटा झालेल्या. पंप चालवला की बाव आणखी बिघडते म्हणून मी पंप बंद केला होता, त्यामुळे चादरी धुवायचं पाणी त्या हाताने शेंदत होत्या. एका खोलीचा संच म्हणजे मोठी चादर, पांघरूण, दोन अभ्रे, दोन टॉवेल. खाऱ्या पाण्यात फेस येत नाही म्हणून पावडर दुप्पट, आणि पावडर दुप्पट म्हणून खळबळायला पाणी दुप्पट. मी एक दिवस मोजलं: फक्त कपड्यांसाठी बेचाळीस बादल्या. पगार मी वेळेवर देत होते, जेवण आमच्याच पंगतीत होतं, म्हणून आपण चांगले मालक आहोत अशी माझी समजूत. हे माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मला दिसलं नाही, याचं फार वाईट वाटतं.

इतकी वर्षं आम्ही पाणी आणि कामाला माणूस या दोन वेगळ्या अडचणी समजत होतो. मला आता ती एकच अडचण वाटते. पाणी कमी पडलं की ती तूट कुणाच्या तरी कमरेवर आणि कातडीवर येते. तुमच्याकडे काय परिस्थिती आहे? आणि बाव पुन्हा गोडी होते का?

—

पणजीहून

ताई, लिहिलंत ते बरं केलंत. मी गोव्यात हॉटेलच्या स्वयंपाकघरात चौदा वर्षं काढली. पाहुण्यांच्या खोलीत न्हाणीघर संगमरवरी, आणि कामगारांच्या खोलीत आठ माणसांत एक संडास, नळाला पाणी सकाळी तासभर. मुलं पहाटे चारला उठून नंबर लावायची आणि दिवसभर चुलीपुढे पेंगायची. हात भाजून घेणं, कापून घेणं त्यातूनच व्हायचं. व्यवस्थापक म्हणायचे, नवी पोरं टिकत नाहीत. टिकणार कशी?

टँकरबद्दल एक सांगतो. किनाऱ्यावरच्या हॉटेलात रिकामा होणारा टँकर आतल्या कुठल्या तरी गावच्या विहिरीवर भरलेला असतो. गोव्यात भूजल नियमनाचा कायदा २००२ पासून आहे, विहिरीची नोंदणी लागते, पाणी विकायला परवानगी लागते. तरी डिसेंबर ते मे रस्त्यावर टँकरांची रांग असते. ज्या वाड्यातून पाणी उपसलं जातं तिथल्या बायका मग लांबच्या झरीवर जातात. म्हणजे तुम्ही म्हणता तसंच. तूट सरकते, मिटत नाही.

—

आंबेवाला देवगड

माणसांचं म्हणाल तर मे महिन्यात आमचं आणि तुमचं एकाच वेळी पेटतं. आंबा उतरवायचा, पेट्या भरायच्या, आणि तेव्हाच पर्यटकांची गर्दी. बागेत राखणीला आणि कामाला नेपाळी कुटुंबं असतात, तीही जूनपूर्वी गावी निघतात. इथली पोरं कुठे आहेत? जनगणना बघा. २००१ मध्ये सिंधुदुर्गाची लोकसंख्या ८ लाख ६८ हजार होती, २०११ मध्ये ८ लाख ४९ हजार. सगळा देश वाढत होता तेव्हा आपला जिल्हा कमी झाला. १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झालो, त्यानंतरची ही दहा वर्षं. तरुणांना घरचं काम नको झालंय, हे खरं दुखणं.

—

पाण्याखालचा

आंबेवाले काका, तुमचा मान राखून सांगतो, शेवटचं वाक्य मला पटलं नाही.

मी तारकर्लीचाच. बारावीनंतर एका हॉटेलात लागलो. महिना नऊ हजार, सकाळी सात ते रात्री अकरा, आणि मे संपला की "आता ऑक्टोबरात ये." जून ते सप्टेंबर शून्य. पीएफ नाही, सुट्टी नाही, कागदावर नाव नाही. घरी मुलगी बघायला गेलो तर मुलीचे वडील विचारतात, पावसात काय करतोस? उत्तर नव्हतं. मग स्कूबाचं प्रशिक्षण घेतलं. आज अंदमानात आहे, बाराही महिने पगार आहे. माझ्या बरोबरचे तिघेही इथे अंदमानातच आहेत.

आम्हाला घरचं काम नको नव्हतं. आठ महिन्यांच्या पगारात बारा महिने जगायचं जमत नव्हतं. परक्या मुलखातला माणूस ते सोसतो, कारण त्याच्या गावी तेवढंही नाही. पण तोही माणूसच आहे, खाऱ्या पाण्याने अंघोळ घालून किती दिवस टिकेल?

—

आंबेवाला देवगड

बाळा, तुझं बरोबर आहे. शब्द मागे घेतो. माझा धाकटाही पुण्याला आहे, आणि मी त्याला चार महिन्यांचा पगार देऊ शकलो नसतो.

—

कातळावरचा

मी भूजलाच्या कामातून निवृत्त झालो. कोकणातल्या विहिरी मोजण्यात बत्तीस वर्षं गेली. ताईंच्या "बाव पुन्हा गोडी होते का" या प्रश्नाचं उत्तर: होते, पण तिची रीत समजून घेतली तर.

देवबागसारख्या वाळूच्या पट्टीत गोडं पाणी हे खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. पाऊस वाळूत मुरतो, खालच्या खाऱ्या पाण्यापेक्षा हलका असल्याने वर राहतो आणि मध्ये जाड, कडेला पातळ असा भिंगासारखा थर होतो. समुद्राचं पाणी गोड्यापेक्षा साधारण अडीच टक्के जड. त्यावरून हिशोब असा निघतो की समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक फूट असेल तर खाली सुमारे चाळीस फूट गोडं पाणी पेललं जातं. चिंचोळ्या पट्टीत प्रत्यक्षात थर याहून पातळ भरतो, पण तत्त्व तेच. आता हेच उलटं वाचा. उपसून पातळी एक फूट खाली नेलीत तर खालचं खारं पाणी चाळीस फूट वर यायला बघतं. दीड अश्वशक्तीचा पंप बावीच्या तळाशी टाकून तासभर सलग चालवला की बरोबर त्याच्या खाली खाऱ्या पाण्याचा सुळका उठतो. रहाटाने दिवसभरात तेवढंच पाणी काढलं असतं तर तो उठला नसता, कारण मधल्या वेळात कडेचं गोडं पाणी भरून येतं.

म्हणून काही गोष्टी कळकळीने सांगतो. बाव खोल करू नका. पाणी कमी पडलं की आपला पहिला विचार तोच असतो, इथे तो घातक आहे. बोअर तर मुळीच नको. पंप लहान घ्या, अर्ध्या अश्वशक्तीचा, त्याचं तोंड पाण्याच्या वरच्या थरात ठेवा आणि वीस मिनिटं चालवून दोन तास विश्रांती द्या. एक टीडीएस मीटर घ्या, काही शेकड्यांत मिळतो; लिटरभर पाण्यात किती मिलिग्रॅम क्षार विरघळलेत ते तो सांगतो. पहाटे, पंपापूर्वी आणि पंपानंतर वाचन वहीत लिहा. पिण्याच्या पाण्याला भारतीय मानकानुसार ५०० पर्यंत चांगलं, दुसरा स्रोत नसेल तर २००० ही शेवटची मर्यादा. आकडा चढायला लागला की थांबायचं.

काही जण क्षार गाळणारं आरओ यंत्र बसवतात. मचूळ पाण्यावर ते निम्म्याहून अधिक पाणी बाहेर फेकतं, आणि ते क्षाराचं पाणी बावीशेजारी वाळूत सोडलं की फिरून बावीतच येतं. संडास-न्हाणीचं सांडपाणी मुरवणाऱ्या शोषखड्ड्याचंही तसंच. वाळू गाळते हे खरं, पण पंधरा फुटांच्या बावीला लागून चार खोल्यांचा शोषखड्डा असेल तर पाणी गोडं लागलं तरी पिण्याजोगं राहत नाही. अंतर मोजा आणि पाण्याची जंतुतपासणी करून घ्या.

आणखी एक, कायद्याचं. सीआरझेडच्या, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांत भरतीरेषेपासून २०० मीटरच्या आत भूजल उपसा फक्त स्थानिक वस्तीच्या स्वतःच्या वापरासाठी आहे. नियम का केला असेल ते वरच्या चाळीस फुटांच्या हिशोबात आहे.

मालवणच्या समोर सिंधुदुर्ग किल्ला उभा आहे. चारी बाजूंनी समुद्र, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या तीन विहिरी. १६६४ मध्ये बांधकाम सुरू झालं, तेव्हापासून त्या पाण्यावर वस्ती आहे. तिथे खडक आहे, तुमच्याकडे वाळू, तेव्हा तुलना अगदी नेमकी नाही. पण नोकरीच्या पहिल्या वर्षी साखरबावीचं पाणी ओंजळीत घेतलं होतं, ती चव अजून जिभेवर आहे. त्या पाण्याची ओढ लागली म्हणून या कामात टिकलो.

—

सहलीला निघालेला

पाहुण्याच्या बाजूने लिहितो. मी पुण्याचा, दरवर्षी मुलांना घेऊन कोकणात येतो. एका रात्रीचे साडेतीन हजार मोजल्यावर शॉवर नाही, टॉवेल रोज बदलणार नाही असं कुणी सांगितलं तर मला राग येईल, खोटं कशाला बोलू? घरी पाण्याचा हिशोब करतोच, चार दिवस तरी तो नको असतो.

पण मला आधी कुणी हे सांगितलेलंच नाही. खारं पाणी, बेचाळीस बादल्या, काही नाही. खोली ठरवताना फोनवर मासे कोणते मिळतील हे सगळे सांगतात, पाण्याचं कुणी बोलत नाही. बोलायला हवं.

—

माजी सदस्य

आमच्या गावात (नाव नको) मी पाच वर्षं ग्रामपंचायतीत होतो. नळयोजनेचा आराखडा कसा होतो ते सांगतो. जनगणनेची डोकी घ्यायची, पुढच्या वाढीचा अंदाज लावायचा आणि माणशी ५५ लिटरने गुणायचं. जलजीवन मिशनचं प्रमाण तेच आहे. पर्यटक या हिशोबात कुठेच नाही, कारण तो गावचा रहिवासी नाही. परराज्यातला कामगारही नाही.

आता राष्ट्रीय बांधकाम संहितेत साध्या हॉटेलला माणशी १८० लिटर धरलेले आहेत. ताईंच्या चार खोल्यांत दहा पाहुणे धरा. दिवसाला १८०० लिटर. म्हणजे गावातल्या बत्तीस-तेहतीस माणसांच्या वाट्याचं पाणी चार खोल्यांत. अशा किती खोल्या किनाऱ्यावर आहेत, आणि नळाच्या टोकाला जी वाडी आहे तिथे मे महिन्यात पाणी का पोचत नाही, याचं उत्तर इथे आहे. सभेत मी हा हिशोब मांडला तेव्हा लोक म्हणाले, पर्यटनावर पोट आहे, त्याच्याविरुद्ध बोलू नकोस. मी विरुद्ध नव्हतो आणि नाही. माझी मागणी एवढीच होती की खोल्यांची नोंद घ्या आणि योजनेत त्यांचं पाणी धरा, त्यांच्याकडून त्याची पट्टी घ्या. कामगारांचंही धरा. ती नोंद आजही झालेली नाही.

—

वेण्णाकाठ

महाबळेश्वरहून. आमच्याकडे वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तरी मे महिन्यात टँकर. पाऊस किती पडतो यापेक्षा तो कुठे थांबतो हे महत्त्वाचं. उतारावरून सगळं खाली जातं. हॉटेलातली मुलं इथेही पाण्याच्या वेळेप्रमाणे उठतात. पुढचं वाचायला थांबलो आहे.

—

परळची मालवणी

माझं माहेर वेंगुर्ल्याचं. तिथे मांडवी खाडीत बचतगटाच्या बायका कांदळवनाची सफर घडवतात, स्वतः वल्ही मारतात, झाडांची माहिती सांगतात. मी गेले होते तेव्हा त्यांच्यातल्या एकीने चिप्पी या कांदळाच्या झाडाची फुलं हातावर ठेवली आणि खारं पाणी सोसून काही झाडं मीठ पानांवाटे कशी बाहेर टाकतात ते दाखवलं. त्यांना कामाला माणूस शोधावा लागत नाही, कारण धंदा त्यांचाच आहे. पाणी लागतं ते खाडीचं.

देवबागकर ताई, राज्याचं "आई" नावाचं महिला पर्यटन धोरण २०२३ मध्ये आलं आहे, त्यात १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरच्या व्याजाचा परतावा मिळतो. टाकी, पन्हळी वगैरेचा खर्च त्यात बसतो का, ते विचारून बघा.

—

देवबागची सून

सगळ्यांचे मनापासून आभार. महिनाभराने लिहिते आहे, कारण करून बघितल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

कातळावरचे काका, मीटर आणला. पहिल्या दिवशी पहाटे ९८०, आणि जुना पंप अर्धा तास चालवल्यावर २६४०. मी तिथेच बसले. आकडा समोर बघितल्यावर समजलं की इतकी वर्षं आपल्याच हाताने आपण खारं पाणी वर ओढत होतो. लहान पंप बसवला, वीस मिनिटं चालू आणि दोन तास बंद. नवऱ्याने फोनवर गजर लावलेत. आठ दिवसांनी पहाटे ९१०, पंपानंतर ११६०. पिण्यासाठी अजून नाही, पण कपड्यांना फेस येतो. शोषखड्डा बावीपासून बावीस फुटांवर निघाला. तो हलवायचा आहे, पावसाळ्यानंतर.

सहलीला निघालेले दादा, तुमचं वाचून राग आला होता, मग पटलं. आता फोनवरच सांगते: बाव वाळूतली आहे, शॉवर नाही, गरम पाण्याची बादली मिळेल, टॉवेल तिसऱ्या दिवशी बदलू. जूनच्या पहिल्या आठवड्यात सहा जणांना सांगितलं. दोघांनी नको म्हटलं, चौघे आले. एक आजी तर तांब्या हातात घेऊन म्हणाल्या, कित्येक वर्षांनी अशी अंघोळ केली.

टाकीची जोडणी बदलली. कामगारांच्या न्हाणीला आता पाहुण्यांच्याच टाकीचा नळ आहे. हे काम प्लंबरने पाऊण तासात केलं. पाऊण तास. दोन हंगाम मी ते केलं नव्हतं.

थोरल्या बहिणीला फोन केला. आधी माफी मागितली. तिकडे भाताची लावणी आहे, करमा सण झाला की बघू म्हणाली, येते असं म्हणाली नाही. मी तिला सांगितलं की यापुढे पावसाचे चार महिनेही अर्धा पगार देईन, आली तरी आणि गावी राहिली तरी. पाण्याखालच्या दादाचं वाचून हे ठरवलं. हिशोब कसाबसा बसतो, त्यासाठी मोसमात खोलीमागे दीडशे रुपये वाढवलेत. बघू जमतं का.

आता छपराचं पाणी. घराचं छप्पर साधारण हजार चौरस फूट. आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस धरला तर वाया जाणारं वजा करून सव्वादोन लाख लिटर हाती यावं असं माझ्या मुलाने काढलं. तेवढी टाकी परवडणार नाही. दहा हजार लिटरची बांधतो आहोत, फक्त पिण्या-रांधण्यासाठी, बाकीचं बावीकडे वळवायचं. मिस्त्री उद्या सकाळी येतोय. पन्हळीचा पाइप चार इंची घ्यावा की सहा? रात्रीपर्यंत कुणी सांगितलं तर बरं होईल.

—

कातळावरचा

ताई, छप्पर दोन बाजूंना उतरतं असेल तर प्रत्येक बाजूला एक चार इंची पुरेल. सहाचा खर्च करू नका. पन्हळीला जाळी हवीच, माडाच्या झावळ्या येतात. टाकीच्या आधी एक झडप ठेवा आणि पहिल्या दोन-तीन सरींचं पाणी बाहेर जाऊ द्या, त्यात छपरावरची शेवाळ आणि पक्ष्यांची घाण असते. बाकीचं पाणी थेट बावीत सोडू नका. बावीपासून दहा फुटांवर खड्डा घ्या, खाली खडी, वर जाड वाळू, तिथे मुरू द्या. शोषखड्ड्याच्या उलट्या बाजूला.

आणि बारा महिने रोज पहाटेचा आकडा लिहीत राहा. मला पुढच्या मे महिन्याची वही बघायची आहे. स्वतः येईन.

—

देवबागची सून

लिहून घेतलं. मिस्त्रीला चार इंची सांगते. काका, या नक्की.